खालून वाचणारे सेक्रेटरी

"खालून वाच."

कोणतीही यादी समोर आली की त्यांचं बोट आधी कागदाच्या तळाशी जाऊन टेकायचं आणि मग हे दोन शब्द. मॅट्रिकचा निकाल असो, क्वार्टर वाटपाची यादी असो, की बढत्यांचं सर्क्युलर असो. आपण सगळे यादी वरून वाचतो आणि आपलं नाव सापडलं की थांबतो. ते तळापासून सुरुवात करत, तीन-चार नावं वाचत आणि कागद परत देत. "वरच्यायले सगळेच वाचतात गा," म्हणायचे. "खालच्यायले कोणी वाचते का?"

जवाहरनगरच्या कारखान्यात आम्ही दोघं स्टोअर्समध्ये होतो. मी पवनीहून नोकरीला लागलेला नवा कारकून, ते माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, मूळचे करडीचे. हजेरीपटावर त्यांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण सगळा कारखाना त्यांना सेक्रेटरी म्हणे. कशाचे सेक्रेटरी, ते पुढे येईलच. आता ते नाहीत, आणि नाव घालून त्यांची ओळख करून द्यायला माझा हात धजत नाही. तेव्हा आपणही सेक्रेटरीच म्हणू.

हा माणूस बसत नसे. स्टोअर्समध्ये त्यांच्यासाठी एक उंच स्टूल होतं, त्यावर आम्ही डबे ठेवायचो. कारखान्याच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी ते दांड्याला धरून उभे राहत आणि उभ्याउभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर जात. कधी नाइलाजाने बसावंच लागलं, तर त्यांचा उजवा गुडघा असा हलायला लागे की शेजारच्याचा चहा सांडे. काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "यायच्या पायाले भिंगरी आहे. सप्तपदीची सात पावलं झाली, अन् हे आठवं टाकून मांडवाच्या बाहेर." सेक्रेटरी हे ऐकायलाही थांबलेले नसत.

तुम्हीही अशी चळवळी माणसं पाहिली असतील. बहुतेकांचा चळवळेपणा वाऱ्यावर जातो. यांच्या चळवळेपणाला मात्र एक विषय सापडला होता, आणि तो भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला सापडणं शक्यच नव्हतं. इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या खालच्या फळ्या, म्हणजे डिव्हिजन्स.

त्याचं असं झालं. कारखान्यात जुन्या काळी विलायतेहून यंत्रांचे सुटे भाग यायचे, मोठाल्या लाकडी पेट्यांतून. भाग एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून कोंबलेली असायची. पेट्या उघडायचं काम सेक्रेटरींचं. बाकीचे यंत्राचा भाग बाहेर काढून त्याच्याकडे बघत, हे कागद उलगडून वाचत. ते तिकडच्या लहान गावांचे पेपर होते. त्यांत मोठमोठ्या नामांकित संघांचं काही नसे. गावच्या संघाचं असे, आणि तो संघ बहुधा तिसऱ्या नाहीतर चौथ्या फळीत तळाशी पडलेला असे.

हे कागद घरी न्यायला त्यांनी रीतसर गेटपास काढला होता. "रद्दी कागद, जुने, चुरगाळलेले, नग सात." गेटवरच्या दरवानाने नग मोजून घेतले, आणि कागदांमागे काय दडवलंय म्हणून प्रत्येक कागद उजेडात धरून पाहिला. घरी काकूंनी कोळशाच्या इस्त्रीने त्या सुरकुत्या काढल्या. "माह्या लुगड्यायले कधी इस्त्री झाली नाही," असं त्या म्हणाल्या, पण इस्त्री केली.

एका कागदावर जुन्या दिवसांविषयी लांबलचक लेख होता. तो त्यांनी डिक्शनरी घेऊन सहा महिन्यांत वाचला आणि आम्हाला पुढे सहा वर्षं सांगितला. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिकडे दोन फळ्यांच्या खाली तिसरी फळी निघाली. वर्षभरात तिचे दोन भाग झाले, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा, कारण गरीब संघांना लांब प्रवास झेपत नसे. दोन्ही भागांतून वर जायचा तो एकेकच संघ. पुढे पस्तीस-एक वर्षांनी दोन्हीकडचे वरचे अर्धे संघ एकत्र करून तिसरी फळी झाली, आणि उरलेल्या खालच्या अर्ध्यांची चौथी. उत्तरेकडे खाणीतली आणि गिरणीतली माणसं खेळत. हे सांगताना ते टेबलाभोवती फिरत, आणि आमच्या माना त्यांच्याबरोबर.

पण त्यांचा सगळ्यात लाडका भाग शेवटचा. तळाशी आलेल्या संघांना आपोआप हाकलून देत नसत. उन्हाळ्यात सगळ्यांची सभा भरे. तळाच्या संघांनी तिथे अर्ज करायचा, आम्हाला आणखी एक वर्ष ठेवा. मग मतदान.

"अन् बहुतेक वेळा ठेवतात गा," सेक्रेटरी म्हणायचे. "एकमेकायले सांभाळून घेतात. आज तो तळाले, उद्या आपण." असं म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली येई.

आमच्या वसाहतीत आणि आसपासच्या गावांत फुटबॉल होताच. सेक्रेटरींनी त्याची लीग केली आणि स्वतः तिचे सेक्रेटरी झाले. नऊ संघ, वरची फळी पाचांची, खालची चारांची. क्लबाबाहेर काळा फळा लावला आणि त्यावर दर सोमवारी गुणांचा तक्ता. नियम सगळे त्या कागदांतले. नव्या संघाचं नाव यादीत तळाशी. मोसम ऑगस्टमध्ये सुरू, एप्रिलमध्ये बंद. मे महिन्यात सभा, आणि सभेत तळाच्या संघाने उभं राहून मत मागायचं, मग अर्जदाराने बाहेर थांबायचं, आणि बाकीच्या संघांनी चिठ्ठ्या टाकायच्या. समसमान झाल्या तर सेक्रेटरीचं मत. मी कारकुनांच्या संघात गोलकीपर होतो, म्हणजे उभं राहण्यापलीकडे काही येत नाही म्हणून तिथे लावलेला होतो, आणि संघाच्या वतीने सभेलाही मीच जाई.

नववा संघ करडीचा. त्याचा कॅप्टन सेक्रेटरींचा सगळ्यात धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा हा भाऊ तीन वर्षांचा होता. त्याला सेक्रेटरींनीच वाढवला, शिकवायला पाहिलं, तो शिकला नाही, धानाची शेती करू लागला आणि उत्तम फुटबॉल खेळू लागला. दादा सांगेल ते त्याच्यासाठी शेवटचं असे. करडीची पोरं अनवाणी खेळायची. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला पाच गोल मारले. पाचही मी पाहिले, अगदी जवळून.

तरी करडी तळाला गेली. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी आणि तिसऱ्याही वर्षी. कधी सात जण यायचे, कधी यायचेच नाहीत आणि सामना समोरच्याला बहाल व्हायचा. ऑगस्टच्या एका रविवारी आले ते पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला, अर्ध्या खेळात दोघांना कंबर सरळ करता येईना. नोव्हेंबरात तर महिनाभर कोणी फिरकलं नाही. सेक्रेटरी फळ्यापुढे खडू घेऊन येरझाऱ्या घालत. "काहून येत नाहीत हे लोकं? काय करून राहिले?" आम्ही काय सांगणार. आम्हाला दर रविवारी सुट्टी होती.

पहिली दोन वर्षं सभेत करडीला हसत खेळत ठेवून घेतलं. तिसऱ्या वर्षी मात्र ॲप्रेंटिस पोरांचा नवा संघ अर्ज घेऊन आला. बूट, मोजे, एका रंगाचे शर्ट. जागा एकच. ते किंवा करडी.

त्या दिवशी क्लबात पंखा बंद होता. करडीच्या वतीने धाकटा भाऊ उभा राहिला. सेक्रेटरी त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "अर्जदारानं सांगावं."

धाकट्याने सगळ्यांना नमस्कार केला. मग म्हणाला, "दादा, एक विचारू का? तुमच्या विलायतेत रोवणी नसते काय?"

कोणी हसलं नाही. तो शांतपणेच बोलत होता. "ऑगस्टात आमी धानाच्या बांधीत वाकून रोपं लावत असतो. नोव्हेंबरात कापणी, मंग चुरणं. आमी रिकामे होतो, तोवर तुमचा अर्धा मोसम होऊन गेलेला असते, अन् आमी तळाले. मी मतं मागाले आलो नाही. सांगाले आलो."

एवढं बोलून तो नियमाप्रमाणे बाहेर गेला.

सेक्रेटरींचा चेहरा मला अजून दिसतो. हा माणूस धानाच्या गावात जन्मला, लहानपणी रोवणीत राबला, आणि मोसमाचा तक्ता करताना ऑगस्टवर बोट ठेवून त्याला रोवणी आठवली नाही. कागदावर ऑगस्ट होता म्हणून ऑगस्ट. ते टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "चिठ्ठ्या टाका."

आता इथे मला माझं सांगायला हवं. करडीला सामन्याला जायचं म्हणजे दोन एस.टी. बदलायच्या, वैनगंगेपलीकडे जायचं आणि पुढे पायी. रविवार पूर्ण बुडायचा. ॲप्रेंटिस पोरांचं मैदान माझ्या क्वार्टरच्या मागे होतं. मी तो विचार केला. रोवणीचं ऐकल्यावरही केला. चिठ्ठीवर 'करडी' लिहिलं, पुढे 'नाही' लिहिलं, घडी घातली आणि पेटीत टाकली. दुष्टावा असा काहीच नव्हता. कंटाळा होता. त्याची मला आजही जास्त लाज वाटते.

चार आणि चार.

आता सेक्रेटरींचं मत. त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. मग उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, दारापर्यंत गेले, परत आले. बाहेर भाऊ सायकलस्टँडजवळ उभा होता, तो खिडकीतून दिसत होता. कोणीतरी म्हणालं, द्या सेक्रेटरीसाहेब करडीले, तुमचंच गाव आहे. त्या माणसाने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण ते ऐकलं आणि सेक्रेटरी थांबले.

"माह्या गावाले माहं मत पडलं, तर उद्या या टेबलाले कोण मानीन?" ते म्हणाले. "ॲप्रेंटिस."

भावाला निकाल सांगायला ते स्वतः बाहेर गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. भाऊ ऐकून घेत होता, मान हलवत होता. मग तो वाकला, दादाच्या पाया पडला आणि निघून गेला. त्यानंतर सात वर्षं तो त्यांच्याशी बोलला नाही.

पुढल्या मोसमाच्या आधी सेक्रेटरींनी तक्ता बदलला. खेळ डिसेंबरच्या शेवटी सुरू, एप्रिलअखेर बंद. कापणी आणि चुरणी, म्हणजे मळणी, आटोपल्यावर. वसाहतीत सगळे वैतागले. जमीन दगडासारखी, पडलं की गुडघे फुटायचे, मार्चच्या उन्हात डोकी तापायची. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणाला, "ज्यांच्यासाठी केलं ते तर गेले, आमाले कायले भाजता?" सेक्रेटरींनी खडू उचलला. आणि फळ्यावरच्या तक्त्यात त्यांनी नऊ संघांच्या खाली एक रेघ जास्तीची आखली. दहावी ओळ. रिकामी. नवे लोक विचारत, ही कोणाची? ते म्हणत, "अर्ज यायचा आहे."

अर्ज येत नव्हता. दर मे महिन्यात सभेच्या दिवशी ते एस.टी.च्या वेळेला गेटपर्यंत जाऊन येत. गावाला निरोप धाडले, स्वतः गेले, भाऊ पाणी द्यायचा, जेवू घालायचा, बोलायचा नाही. यांचं फिरणं वाढलं. स्टोअर्समध्ये या रॅकपासून त्या रॅकपर्यंत चालताना मध्येच थांबून विचारायचे, "तू असता तर काय केलं असतं?" मी इंडेंटमध्ये, म्हणजे मालाच्या मागणीपत्रांत, डोकं घालून बसायचो. माझी एक चिठ्ठी वेगळी असती तर त्यांच्यावर मत द्यायची वेळच आली नसती, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं, असं मला वाटायचं.

मधल्या काळात क्लबात टीव्ही आला. त्यावर जगातले मोठे संघ खेळताना दिसले आणि अख्खी वसाहत तिथे लोटली. सेक्रेटरी दाराशी दहा मिनिटं उभे राहिले. "चांगले खेळतात," म्हणाले. "याच्यात शेवटचा कोण आला?" कोणालाच सांगता आलं नाही, म्हणून ते निघून गेले.

ते रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडून करडीला जायचं ठरलं. सामान आधीच गेलं होतं. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. हातात इस्त्री केलेल्या कागदांची वळकटी. लीगची वही त्यांनी मला दिली होती, म्हणजे आता सेक्रेटरी मी. बस दिसली आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "सेक्रेटरीसाहेब, करडीच्या टायमाले माही चिठ्ठी..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू 'नाही' लिहिलं की त्याच्याखाली दोन रेघा मारतो. इतके वर्षं तुझे इंडेंट पाहून राहिलो मी."

"मग बोलले काहून नाही?"

"चिठ्ठी गुप्त असते गा," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले. जागा रिकामी होती. ते दांड्याला धरून उभे राहिले.

पुढचा पावसाळा, पुढची कापणी त्यांनी भावाबरोबर शेतात काढली. साठीजवळचा माणूस चिखलात उतरून रोवणी करत होता, असं काकूंनी कोणाकरवी कळवलं. दोन ओळी लावायच्या आणि उठून बांधीभर फिरायचं, असं चालायचं म्हणे. भावाने पहिले काही दिवस नुसतं पाहिलं. मग एक दिवस म्हणाला, "दादा, रोप असं धर." सात वर्षांनंतरचे ते पहिले शब्द.

त्या मे महिन्यात आमच्या लीगमधला एक संघ मोडला होता. जागा होती, पण मतदान लागणारच होतं. सभेच्या दिवशी मी वही उघडून बसलो, तर दारात सेक्रेटरी. पांढरा पायजमा, उन्हाने रापलेला चेहरा, हातात अर्ज. म्हणाले, "भाऊ म्हणे, पोरं तयार आहेत, पण मी एकदा उभा राहिलो, आता तू राहा."

मी खुर्चीतून उठलो. त्यांनी हाताने मला बसवलं. "बस. तू सेक्रेटरी आहे."

मग ज्या टेबलाभोवती ते वर्षानुवर्षं फिरले, त्याच्या दुसऱ्या बाजूला ते उभे राहिले. या पायावरून त्या पायावर होत होते. मी वही सरळ केली आणि नियमाप्रमाणे म्हणालो, "अर्जदारानं सांगावं."

"आमी करडीचे," ते म्हणाले. "खेळतो. रोवणी झाली, कापणी झाली, पुढच्याही वर्षी होईन. त्याच्यानंतर रिकामे असतो. मागं आमच्याकडून येणं झालं नाही, त्याच्यात पोरायची चूक नव्हती. तक्ता करणाऱ्याची होती. मत द्या." एवढंच बोलून ते बाहेर गेले.

आठ चिठ्ठ्या. सहा 'होय', दोन 'नाही'. कोणाच्या ते मी पाहिलं नाही, आणि रेघाही तपासल्या नाहीत. सांगायला बाहेर आलो तर सायकलस्टँड रिकामं. पानवाला म्हणाला, ते मघाशीच गेले, दोन मिनिटंही थांबले नाहीत, एस.टी. दिसली आणि चढले. निकाल ऐकायचा धीर त्यांना नव्हता.

पुढच्याच रविवारी मी नवी यादी टाइप करून घेतली आणि करडीला निघालो. दोन एस.टी., वैनगंगेपलीकडे, मग पायी. जितका लांब वाटला होता तितका तो रस्ता लांब नव्हता.

गावाबाहेर मोकळ्या पडीत रानात दोघं भाऊ दिसले. धाकटा दोरी ताणून धरत होता आणि थोरले घमेल्यातली राख मुठीने दोरीवरून टाकत चालले होते. मैदान आखत होते. निकाल अजून त्यांना कळायचा होता. एक गोल खांबांसकट उभा होता, दुसऱ्याचे खड्डे खणून ठेवले होते.

मी कागद पुढे केला. धाकट्याने तो घेतला आणि वरून वाचायला लागला. एक एक नाव, ओठ हलवत. पहिली फळी संपली. दुसरी सुरू झाली. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. सेक्रेटरी त्याच्याभोवती फिरत होते, कागदाकडे बघत नव्हते.

"दादा, याच्यात आपलं..."

सेक्रेटरी थांबले. राखेने माखलेलं बोट त्यांनी न बघताच कागदाच्या तळाशी नेऊन टेकवलं.

"खालून वाच."

धाकट्याने बोटाशेजारी पाहिलं. "करडी," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "करडी."

सेक्रेटरींनी घमेलं खाली ठेवलं. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर गेले आणि बसले. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि बराच वेळ पाहत राहिलो. त्यांचा गुडघा हलत नव्हता.